मोटर रेसिंगला वाद फळतात का?

१८ फेब्रुवारी १९७९. अमेरिकेतल्या डेटोना ५०० शर्यतीची शेवटची फेरी. डॉनी ॲलिसन पुढे, त्याच्या बंपरला चिकटून केल यारबरो, बाकीचे अर्ध्या फेरीच्या आसपास मागे. मागच्या सरळ पट्ट्यावर यारबरोने आतल्या बाजूने गाडी काढली. ॲलिसनने वाट अडवायला गाडी खाली आणली. यारबरोची डावी चाकं पावसाने भिजलेल्या गवतात गेली. गाड्या एकमेकींवर आपटल्या, सुटल्या, परत आपटल्या आणि भिंतीला धडकून घसरत खाली गवतावर येऊन थांबल्या. मागून रिचर्ड पेटी आला आणि जिंकून गेला. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. म्हण इतकी तंतोतंत क्वचितच लागू पडते.

खरी गंमत त्यानंतरची. डॉनीचा भाऊ बॉबी शर्यत संपवून विचारपूस करायला तिथे थांबला. शब्दाने शब्द वाढला आणि चांगले घोडे झालेले तीन बाप्ये एकमेकांना गुद्दे, लाथा आणि हेल्मेटने हाणू लागले. सीबीएस वाहिनीचा कॅमेरा तिकडे वळला. ही शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत टीव्हीवर थेट दाखवण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यात त्या दिवशी अमेरिकेच्या पूर्व भागात तुफान बर्फ पडलेलं, त्यामुळे असंख्य माणसं घरात अडकून टीव्हीसमोर बसलेली. ज्यांनी जन्मात कधी स्टॉक कारची, म्हणजे दिसायला रोजच्या मोटारींसारख्या असणाऱ्या गाड्यांची, शर्यत बघितली नव्हती, त्यांनीही त्या दिवशी ती बघितली. तोवर नॅस्कार, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती, हा मुख्यतः दक्षिणेतल्या राज्यांचा खेळ मानला जायचा. तो देशभर पोचला तो या दुपारपासून, असं त्या खेळातली जुनी मंडळी आजही सांगतात.

‘वाद झाला की खेळाचा फायदाच होतो’ म्हणणाऱ्यांच्या हातात डेटोना हा हुकमाचा एक्का असतो. समोरचे मग सिंगापूर २००८ चा ठरवून केलेला अपघात काढतात आणि चर्चा तिथेच घुटमळते. मला विचाराल तर या दोन्हींच्या मधे एक साधी गोष्ट आहे: प्रेक्षक पाप मोजत नाही, तो शर्यत मोजतो. कोण किती खोटं बोललं यापेक्षा ‘मला शर्यत बघायला मिळाली की नाही’ हा त्याचा हिशोब असतो. एकदा हे धरलं की बरेच वाद आपापल्या जागी जाऊन बसतात. अर्थात प्रेक्षक म्हणजे अख्खा खेळ नव्हे, हेही लक्षात ठेवायला लागतं. तिथे जरा गुंतागुंत आहे.

पैसा येतो कुठून

व्यावसायिक रेसिंग हा भयंकर खर्चिक धंदा आहे. पैसा येतो तो प्रसारणाचे हक्क विकून, शर्यत भरवणारे जे शुल्क देतात त्यातून, गाडीवर नाव झळकवणाऱ्या प्रायोजकांकडून आणि गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांकडून. या चौघांना वाद सारखाच लागत नाही. प्रसारण करणाऱ्याला भांडण हवंच असतं, लोक बघतात तोवर तो खूष. शर्यत भरवणाऱ्याला तिकिटं खपायला हवीत, म्हणजे चुरस हवी आणि चुरशीला थोडा राग लागतोच. प्रायोजकाचं तसं नाही. तो पैसे देतो ते आपलं नाव चांगल्या गोष्टीशेजारी दिसावं म्हणून. गाडी दोनदा धडकली तरी त्याला चालतं, किंबहुना पडद्यावर नाव जास्त वेळ दिसतं. पण ‘फसवणूक’ या शब्दाशेजारी नाव दिसलेलं त्याला एक दिवसही परवडत नाही. आणि गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या बाबतीत निर्णय ट्रॅकवर होतच नाही, तो होतो संचालकांच्या बैठकीत, आणि त्या खोलीत रेसिंगवर जीव असलेला माणूस असतोच असं नाही.

त्यामुळे एकाच वादात टीव्हीवाला हात चोळत असतो आणि प्रायोजक वकिलाला फोन करत असतो. ‘खेळाचा फायदा की तोटा’ विचारताना आधी खेळातल्या कुणाचा, हे विचारावं लागतं.

चलाखी लोकांना आवडते

नियमांतून पळवाट काढणं रेसिंगच्या रक्तातच आहे. नॅस्कारच्या मुख्य मालिकेची पहिलीवहिली शर्यत १९ जून १९४९ ला शार्लटला झाली. ग्लेन डनअवे सगळ्यांत आधी पोचला, पण तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा नियमांत बसत नसल्याचं निघालं. ती गाडी चोरटी दारू वाहण्यासाठी तयार केलेली होती आणि मागे भरपूर वजन असतानाही पोलिसांच्या पुढे पळायला तसल्याच स्प्रिंगा लागतात. डनअवे बाद झाला, जिम रोपर विजेता ठरला. म्हणजे या मालिकेच्या इतिहासाचं पहिलं पानच खाडाखोड केलेलं आहे.

पण माझी सगळ्यांत लाडकी गोष्ट १९९५ ची. जागतिक रॅली स्पर्धेत तेव्हा नियम असा होता की इंजिनाच्या टर्बोला जाणारी सगळी हवा ३४ मिलिमीटर व्यासाच्या एका भोकातूनच गेली पाहिजे. त्या भोकाच्या तुकड्याला रेस्ट्रिक्टर म्हणतात. हवा कमी म्हणजे ताकद कमी, सगळ्यांच्या गाड्या साधारण एका पातळीवर. टोयोटाच्या सेलिकात तो तुकडा अगदी नियमाप्रमाणे होता. कुणी पट्टी लावून मोजला असता तरी ३४ च भरला असता. पण पाइप टर्बोवर बसवून आवळला की तो तुकडा आतल्या आत जेमतेम पाच मिलिमीटर सरकायचा आणि त्याच्या कडेने हवेला जादा वाट मिळायची. तपासनीसाने बघायला पाइप काढला, की आतल्या स्प्रिंगा तो तुकडा गपकन जागेवर आणायच्या. म्हणजे तपासण्याच्या कृतीतच पुरावा पुसला जायचा! स्पेनमधल्या कातालुन्या रॅलीत हे पकडलं गेलं. टोयोटाचे त्या वर्षीचे सगळे गुण गेले आणि टीमवर बारा महिन्यांची बंदी आली. आणि शिक्षा देणारे, मोटर रेसिंगची जागतिक नियामक संघटना एफआयएचे अध्यक्ष मॅक्स मोझ्ली यांनीच त्या यंत्राच्या कल्पकतेचं जाहीर कौतुकही केलं.

फसवणूक म्हणून बघितलं तर यात संशयाला जागाच नाही. जाणूनबुजून, आखून, कारखान्यात बसून केलेली लबाडी. पण रॅलीचं नुकसान किती झालं? फारसं नाहीच. त्या मोसमात कार्लोस सैंझ आणि कॉलिन मॅक्रे यांच्यात शेवटच्या रॅलीपर्यंत झुंज रंगली, मॅक्रे विजेता झाला आणि लोकांना तेच आठवतं. टोयोटा परत आली, १९९९ ला उत्पादकांचा किताबही घेऊन गेली. आज रेसिंगचे चाहते ही गोष्ट एखाद्या हुशार चोराची सांगावी तशी चवीने सांगतात.

फॉर्म्युला वनमधल्या २००७ च्या हेरगिरीचंही तसंच. फेरारीची सुमारे ७८० पानांची तांत्रिक कागदपत्रं मॅक्लारेनच्या मुख्य डिझायनरच्या घरी पोचली. बिंग फुटलं ते एखाद्या गुप्तहेरामुळे नव्हे, तर झेरॉक्सच्या दुकानामुळे. एवढा गठ्ठा नक्कल करायला आला, दुकानातल्या माणसाने वरचं नाव वाचलं, त्याला ते खटकलं आणि त्याने थेट फेरारीला कळवलं. मॅक्लारेनला १० कोटी डॉलर दंड झाला आणि टीमचे गुण काढून घेतले गेले. पण ड्रायव्हरांचे गुण? ते तसेच ठेवले. यावर तेव्हा बरीच टीका झाली, पण त्यामागचं व्यवहारज्ञान बघा. ब्राझीलमधल्या शेवटच्या शर्यतीला तीन जण किताबाच्या शर्यतीत राहिले आणि किमी रायकोनेन ११० विरुद्ध १०९ आणि १०९ असा एका गुणाने जिंकला. नियामकांनी टीमला झोडपलं आणि प्रेक्षकाची शर्यत वाचवली. हा हिशोब त्यांना आपल्याआधी कळलेला होता.

कुणीच चोर नव्हता, तरी

आता अगदी उलट टोक. १९ जून २००५, अमेरिकेतलं इंडियानापोलिस, फॉर्म्युला वनची शर्यत. शुक्रवारच्या सरावात राल्फ शूमाकरचा टायर एका बाजूला कललेल्या, वेगवान तेराव्या वळणावर गेला आणि गाडी भिंतीत. तपास केल्यावर मिशेलिन कंपनीने सांगून टाकलं की त्या वळणावर पूर्ण वेगात आमच्या टायरांची हमी आम्ही देऊ शकत नाही. २० पैकी १४ गाड्या मिशेलिनवर होत्या. वळणाआधी तात्पुरता अडथळा घालून वेग कमी करावा असं बहुतेक टीमांनी सुचवलं. एफआयए म्हणाली, ज्यांनी योग्य टायर आणले त्यांना शिक्षा कशाला? फेरारी ब्रिजस्टोनवर होती, तिला काही पडलेली नव्हती. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या त्याच्या जागी बरोबर होतं. मिशेलिन प्रामाणिकपणे बोलली, एफआयएने नियम पाळले, टीमांनी ड्रायव्हरांचा जीव धोक्यात घातला नाही.

आणि मग शर्यतीआधीची फेरी संपताना १४ गाड्या एकामागोमाग एक पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या देखभालीच्या जागेत, वळल्या. सुरुवातीच्या रेषेवर उरल्या सहा. दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी.

लाखभर लोक तिकीट काढून आले होते. आधी त्यांना कळेना काय चाललंय, मग हुर्यो सुरू झाली, मग ट्रॅकवर बाटल्या पडायला लागल्या. फेरारीचा मायकल शूमाकर जिंकला आणि पोडियमवर तोंड लपवायची वेळ आल्यासारखा वावरला. एकटा तिसरा आलेला तियागो मोंतेरो मनापासून आनंद साजरा करत होता, आणि त्याचं तरी काय चुकलं? चौथा नारायण कार्तिकेयन. फॉर्म्युला वनमध्ये भारतीय ड्रायव्हरने मिळवलेले पहिले गुण या असल्या विचित्र दिवशी आले. गुण पाचच्या पाच खरे, पण सांगताना प्रत्येक वेळी शेपूट जोडावं लागतं.

मिशेलिनने तिकिटांचे पैसे परत केले, वर पुढच्या वर्षीसाठी २०,००० तिकिटं विकत घेतली. तरी फॉर्म्युला वन २००७ नंतर इंडियानापोलिसहून गेलं आणि अमेरिकेत परतायला २०१२ उजाडलं. त्यामागे शुल्काचे मतभेदही होते, सगळं खापर त्या एका दुपारवर फोडता येणार नाही. पण टोयोटाशेजारी ठेवून बघा. एकीकडे शुद्ध लबाडी आणि जवळपास शून्य नुकसान. दुसरीकडे कुणीच चोर नाही आणि नुकसान असं की वीस वर्षांनीही जखम उघडी. फरक एवढाच, की कातालुन्यात लोकांनी रॅली बघितली आणि इंडियानापोलिसला लोकांनी सहा गाड्यांची मिरवणूक बघितली.

सेन्ना, प्रोस्ट आणि काळाचं औषध

या विषयावर बोलताना जपानमधल्या सुझुकाच्या ट्रॅकला वगळणं शक्यच नाही. १९८९ मध्ये आयर्टन सेन्ना आणि अलेन प्रोस्ट एकाच टीमचे, मॅक्लारेनचे. सेन्ना आत घुसला, प्रोस्टने दार लावलं, दोघे एकमेकांत अडकून थांबले. सेन्नाने ट्रॅकवरच्या कर्मचाऱ्यांकडून गाडी ढकलून घेतली, जाऊन शर्यत जिंकली आणि वळण चुकवून ट्रॅकवर परतला म्हणून बाद झाला. किताब प्रोस्टला. पुढच्या वर्षी प्रोस्ट फेरारीत, जागा तीच. सेन्ना सर्वांत पुढून निघणार होता, पण ती जागा ट्रॅकच्या कमी पकड असलेल्या बाजूला होती. बाजू बदलून मागितली, मिळाली नाही. पहिल्याच वळणावर त्याने प्रोस्टच्या गाडीत गाडी घातली. दोघे बाद, किताब सेन्नाला. वर्षभराने त्याने कबूलही केलं की ते मुद्दाम होतं.

आज ही दोन वळणं खेळाची दंतकथा झाली आहेत आणि मीही त्यांची दृश्यं कितीदा बघितली असतील याचा हिशोब नाही. तरी १९९० चं दृश्य बघताना माझ्या पोटात खड्डा पडतो. पूर्ण वेगात, मागे सगळी फौज असताना, राग म्हणून दुसऱ्याच्या गाडीत गाडी घालणं, याला ‘चुरस’ म्हणायला जीभ रेटत नाही. कुणाला इजा झाली नाही म्हणून ती दंतकथा झाली. एखादं चाक उडून कुणाला लागलं असतं तर आपण त्याच दृश्याला वेगळ्या नावाने ओळखलं असतं. वाद फळला असं म्हणताना नशीब किती फळलं हे कुणी वजा करत नाही.

मोटरसायकलींच्या जगात २०१५ ला व्हॅलेंटिनो रॉसी आणि मार्क मार्केझ यांच्यात मलेशियातल्या सेपांगला असंच जुंपलं. रॉसीला शिक्षा म्हणून शेवटच्या शर्यतीत सगळ्यांत मागून निघावं लागलं, तो चौथा आला आणि पाच गुणांनी किताब होर्हे लोरेन्झोकडे गेला. प्रेक्षकसंख्येला त्याची झळ बसली नाही. पण त्यानंतर कित्येक वर्षं मार्केझ इटलीत पोडियमवर आला की हुर्यो उडायची. पुढच्या पिढीची काही पोरं या खेळात पहिल्यांदा शिकली ती दुसऱ्याला शिव्या घालायला. हा तोटा कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

एक शर्यत, जी शर्यत नव्हती

२८ सप्टेंबर २००८, सिंगापूर, फॉर्म्युला वनची रात्रीच्या उजेडात झालेली पहिली शर्यत. रेनोचा फर्नांडो अलोन्सो पंधराव्या जागेवरून निघाला. अशा अरुंद शहरी ट्रॅकवर पंधरावा म्हणजे संपल्यातच जमा. टीमने त्याला बाराव्या फेरीतच पिटमध्ये बोलावून इंधन भरलं. इतक्या लवकर का, ते कुणाला कळलं नाही. दोनच फेऱ्यांनी त्याच टीमचा दुसरा ड्रायव्हर, नेल्सन पिके ज्युनियर, सतराव्या वळणावर भिंतीत गेला. गाडी चटकन उचलता येईल अशी ती जागा नव्हती, म्हणून सेफ्टी कार आली. सेफ्टी कार आली की सगळ्या गाड्या तिच्या मागे एकत्र गोळा होतात, आधी कमावलेली आघाडी पुसली जाते, आणि ज्यांचं इंधन भरायचं राहिलं ते पिटमध्ये गेले की मागे पडतात. ज्याचं आधीच भरून झालंय तो वर येतो. तो एकटाच कोण होता हे सांगायला नको. अलोन्सो जिंकला.

२००९ च्या मध्यात टीमने पिके ज्युनियरला काढलं आणि मग त्याने तोंड उघडलं: अपघात ठरवून केला होता. टीमप्रमुख फ्लाविओ ब्रियातोरे यांच्यावर बेमुदत बंदी, अभियंते पॅट सिमंड्स यांच्यावर पाच वर्षांची. आयएनजी आणि म्युतुआ माद्रिलेन्या या दोन प्रायोजकांनी मोसमात मोजक्या शर्यती उरल्या असतानाही तिथल्या तिथे करार तोडले. विमा आणि बँकिंगमधल्या कंपन्या त्या. जिचा धंदाच अपघाताच्या दाव्यांची शहानिशा करण्याचा, तिचं नाव मुद्दाम केलेल्या अपघातावर झळकलेलं होतं. वर्ष संपता संपता रेनोनेही टीममधला मोठा हिस्सा विकला.

टोयोटाच्या लबाडीहून ही लबाडी वेगळी का वाटते? कारण टोयोटाने शर्यतीत फसवलं, रेनोने शर्यतच फसवली. ज्याने ती थेट बघितली, अलोन्सोच्या नशिबाचं कौतुक केलं, मित्रांशी त्यावर वाद घातला, त्याला वर्षभराने कळलं की आपण नाटक बघत होतो. मागे जाऊन आठवण नासते. आणि पुढेही तेच: कुठलाही सोयीचा अपघात झाला की मनात पाल चुकचुकते.

असाच एक प्रकार नॅस्कारमध्ये ७ सप्टेंबर २०१३ ला रिचमंडला घडला, जरा कमी ऐकलेला पण शिकवून जाणारा. किताबाच्या अंतिम टप्प्यात कोण जाणार हे त्या रात्री ठरत होतं. सात फेऱ्या उरल्या असताना मायकल वॉल्ट्रिप रेसिंगचा क्लिंट बोयर एकटाच गिरकी घेऊन थांबला, आणि त्यामुळे त्याच टीमचा मार्टिन ट्रूएक्स अंतिम टप्प्यात गेला. लोकांनी रेडिओवरचं संभाषण काढून ऐकलं. गिरकीच्या जरा आधी टीमवाला बोयरला हात दुखतोय का, खाजतोय का असं काहीबाही विचारत होता. इतका काळजीवाहू माणूस कुणी पिटच्या भिंतीवर बघितला नव्हता! टीमला ३ लाख डॉलर दंड झाला आणि ट्रूएक्सला अंतिम टप्प्यातून काढलं. त्याचा यात हात असल्याचं कुणीच म्हटलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्याच्या गाडीचा प्रायोजक नापा, सुटे भाग विकणारी कंपनी, वर्षअखेरीस निघून गेला. पैसा आटला, माणसं कमी करावी लागली आणि २०१५ च्या अखेरीस टीम बंद झाली. नॅस्कार मात्र चालू राहिलं. बिल ज्यांनी भरलं त्यात बोयरच्या गाडीचा पाना कधी हातात न धरलेले कामगारही होते.

पंच मधे आला की

आणि मग अबू धाबी, १२ डिसेंबर २०२१. लुइस हॅमिल्टन आणि मॅक्स फर्स्टापन दोघेही ३६९.५ गुणांवर. असं शेवटच्या शर्यतीआधी गुण सारखे असणं याआधी फक्त १९७४ ला झालं होतं. ५८ पैकी ५३ व्या फेरीत निकोलस लतिफी भिंतीत गेला, सेफ्टी कार आली. हॅमिल्टन पुढे, पण टायर चाळिसाहून जास्त फेऱ्या चाललेले. फर्स्टापनने नवे मऊ टायर घातले. दोघांच्या मधे एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या.

नियम असा होता की सांगितल्यास मागे पडलेल्या ‘कोणत्याही’ गाड्यांनी सेफ्टी कारच्या पुढे निघून जावं आणि त्यानंतरची फेरी संपताना सेफ्टी कार आत यावी. रेस डायरेक्टर मायकल मासी यांनी आधी सांगितलं, कुणीच पुढे जायचं नाही. मग सांगितलं, फक्त या पाचांनी जा. बाकीच्या मागे पडलेल्या गाड्या जिथल्या तिथे. आणि सेफ्टी कार त्याच फेरीत आत. उरली एक फेरी, नवे टायर विरुद्ध झिजलेले टायर. फर्स्टापन जिंकला. ‘कोणत्याही’ म्हणजे ‘सगळ्या’ का, यावर रात्री उशिरापर्यंत वकिली चालली. पुढच्या वर्षी नियमात ‘सर्व’ हा शब्द घातला गेला, मासी यांना बाजूला केलं गेलं आणि एफआयएच्या अहवालात मानवी चूक झाल्याची नोंद झाली.

मी ती शर्यत थेट बघत होतो. शेवटच्या फेरीला उभा राहून ओरडलो होतो हे खोटं कशाला सांगू, आणि दहा मिनिटांनी तोंडात कडू चव आली हेही खरं. लोकांना शर्यत मिळाली, अगदी ऊर धपापेल अशी. म्हणून खेळ कोसळला नाही. पुढच्या मोसमात गर्दी आणखी वाढली. पण ती या वादामुळे वाढली असं छातीठोक सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. त्याच काळात नव्या घडणीच्या गाड्या आल्या होत्या, २०१९ पासून नेटफ्लिक्सवर ड्रायव्हरांच्या आयुष्यावरची मालिका चालू होती आणि २०२१ चा अख्खा मोसमच रंगतदार होता. यातलं काय कशाने झालं हे वेगळं काढणं जवळपास अशक्य आहे.

मला इथे खटकणारी गोष्ट दुसरीच आहे. त्या वर्षी टीमप्रमुख आणि रेस डायरेक्टर यांच्यातलं रेडिओवरचं बोलणं प्रक्षेपणात ऐकवायला सुरुवात झाली होती, कारण ते चटकदार होतं. अबू धाबीत मर्सिडीजचे टोटो वोल्फ ओरडत होते आणि मासी उत्तर देत होते की याला मोटर रेस म्हणतात. भांडण करमणूक म्हणून विकायला काढलं आणि पंच त्यातलं एक पात्र होऊन बसला. त्यानंतर टीमप्रमुखांचा तो थेट संपर्क बंद केला गेला. ड्रायव्हर एकमेकांना शिव्या देतात तेव्हा आपण एकाची बाजू घेतो आणि पुढच्या शर्यतीची वाट बघतो. पंचाविरुद्ध बाजू घेतली तर वाट कसली बघणार? पुढच्या शर्यतीलाही पंच असतोच, आणि मासी गेले तरी सेफ्टी कार कधी बोलावली, कधी आत घेतली, यावर लोक आजही संशयाने बोट ठेवतात.

बाहेरून आलेलं वादळ

काही घोटाळे ट्रॅकवर घडतच नाहीत आणि तरी सगळ्यांत जास्त रिकाम्या जागा तेच करून जातात. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधला प्रदूषण चाचणीला फसवण्याचा प्रकार उघड झाला. २०१६ च्या अखेरीस फोक्सवॅगन जागतिक रॅलीतून बाहेर पडली, सलग चार वर्षं किताब जिंकत असताना. त्याच समूहातली ऑडी, फ्रान्समधली ल मॉची चोवीस तासांची शर्यत तेरा वेळा जिंकलेली, सहनशक्तीच्या शर्यती सोडून गेली. कुठल्याही ड्रायव्हरने काही चुकीचं केलं नव्हतं. दंड आणि भरपाईचा डोंगर समोर असताना संचालकांनी खर्चाची यादी काढली आणि रेसिंगवर काट मारली. सोप्या भाषेत, सुक्याबरोबर ओलंही जळलं.

सिंगापूरला परत यायचं तर ब्रियातोरे यांची बंदी पॅरिसच्या न्यायालयाने जानेवारी २०१० मध्येच रद्द केली, आणि २०२४ मध्ये ते रेनोच्याच आल्पीन टीममध्ये सल्लागार म्हणून परतले. सिमंड्स यांनी पुढे फॉर्म्युला वनच्याच तांत्रिक विभागाचं प्रमुखपद सांभाळलं. सिंगापूरची शर्यतही तिथेच होते आहे. हिशोब राहिला तो फेलिपे मास्साचा. त्या रात्री तो सर्वांत पुढून निघाला होता. पिकेच्या अपघातानंतरच्या धांदलीत तो इंधनाची नळी गाडीला लटकत असतानाच पिटमधून सुटला, शून्य गुणांवर घरी गेला आणि मोसमाच्या शेवटी ९७ विरुद्ध ९८ असा एका गुणाने किताब हरला. निकाल बदलायला उशीर झाला म्हणून तो बदलला नाही. २०२४ मध्ये मास्साने लंडनच्या न्यायालयात दावा लावला. मधल्या काळात सिंगापूरच्या ट्रॅकची फेररचना झाली, आणि २०२३ पासून जिथे ते सतरावं वळण होतं तिथून गाड्या सरळ जातात.